उलटं चालणाऱ्याचा पाठलाग

शिनहुई, पुलाच्या अलीकडून
मंगळवार, लाल सालींच्या मोसमात

आदरणीय वन्संना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचा पेला दोन्ही हातांनी तुमच्यापुढे धरला, तेव्हा तो घेता घेता तुम्ही माझ्या कानाशी वाकून म्हणाला होतात, "वाय-हान, आमच्या घरातले पुरुष दुखणं तोंडानं सांगत नाहीत. तू काढ्याचा चोथा बघत जा." नव्या नवरीला कुणी बांगडी देतं, कुणी पैशांचं लाल पाकीट देतं. तुम्ही मला चोथा दिलात. (पाकीटही दिलं होतंत, ते मी विसरलेले नाही.) आज बावीस वर्षांनी त्याच वाक्यापायी हे पत्र लिहायला बसले आहे.

तुमची प्रकृती कशी आहे हे मात्र विचारत नाही. हा प्रश्न मी आजवर जितक्या वेळा विचारला, तितक्या वेळा उत्तरादाखल मलाच जीभ बाहेर काढून दाखवावी लागली. "पांढरी आहे. काल थंड खाल्लंस," असं म्हणून तुम्ही माझ्या हातात काहीतरी कडू ठेवता आणि मी काय विचारायला आले होते ते विसरते. फोनवरही तेच. म्हणून यंदा पत्र. कागदाला जीभ नसते. तेव्हा तुमच्या संत्र्याच्या साली बऱ्या वाळताहेत ना, गच्चीवर ऊन येतं ना, खालच्या मजल्यावरच्यांची मांजर अजून सालींच्या सुपात झोपते का, एवढंच विचारून मूळ विषयाकडे वळते.

मूळ विषय म्हणजे तुमचे बंधू.

उन्हाळा संपता संपता ह्यांना पन्नास वर्षं पूर्ण झाली आणि दुसऱ्याच दिवसापासून हे आरोग्याच्या मागे लागले. आमच्याकडे पन्नाशीचा पुरुष एकदम प्रकृती सांभाळायला लागला की त्याचं कौतुक करतात. मला संशय आला. ज्या माणसानं बावीस वर्षं थंड बिअर आणि तळलेले पाय (कोंबडीचे) यांखेरीज कशावर श्रद्धा ठेवली नाही, तो अचानक थर्मासमध्ये गोजीची लाल फळं टाकून गरम पाणी घोट घोट प्यायला लागतो, आणि संध्याकाळी बातम्या बघताना आलं नि दवण्यासारख्या वासाची ती पानं घातलेल्या बादलीत पाय बुडवून बसतो, याला काही कारण असायला हवं की नको? बरं, बादली कुणी उचलायची याच्यावर भांडण नाही! स्वतःच उठून ओतून येतात. वन्सं, लग्नाचा नवरा भांडायचा थांबला की बाईनं सावध व्हावं. तुम्ही लग्न केलं नाहीत म्हणून सांगते.

मग उलटं चालणं सुरू झालं. पहाटे साडेपाचला उठून नदीकाठच्या बागेत जायचं आणि तासभर मागे मागे चालायचं. कमरेला चांगलं असतं म्हणे. (चांगलं असेलही. बागेत निम्मी माणसं उलटीच चालत असतात. उरलेली निम्मी झाडांवर पाठ आपटत असतात. झाडांच्या कमरेचं काय होत असेल कुणास ठाऊक.) तक्रार चालण्याबद्दल नव्हती, वासाबद्दल होती. साडेसातला घरी परतत तेव्हा ह्यांच्या सदऱ्याला काढ्याचा वास येई. बागेतल्या हवेचा नव्हे, घामाचाही नव्हे. मातीच्या भांड्यात दोन वेळा उकळलेल्या, झाकण उडून शेगडीवर सांडलेल्या काढ्याचा वास. आमच्या घरात काढ्याचं भांडं मागच्या वर्षी फुटलं, तेव्हापासून नाही.

मला मामंजी आठवले. दोन वर्षं शेजारच्या न्हाव्याकडे औषध उकळून प्यायले आणि घरात कुणाला कळलं तेव्हा त्यांना न्यायला खाटच आणावी लागली. तुम्हीच सांगितलंत हे मला, भाताची पेज ढवळत, माझ्याकडे न बघता. त्या दिवसापासून मी या घराचा चोथा बघत आले. म्हणून हसू नका.

मी सरळ विचारलं. "अहो, काही होतंय का तुम्हाला?"

"मला? मला काय धाड भरलीय!" एवढं बोलले आणि कान लाल. तुमच्या भावाचे कान खोटं बोलायला कधी शिकले नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे.

त्यातच आमच्या खालच्या लेउंग काकूंनी जिन्यात गाठलं. काकू म्हणजे बाजाराच्या चौकातला चालता-बोलता पहारा. "अगं वाय-हान, तुझा नवरा आजारी आहे का गं?"

"नाही बाई. का?"

"मग रोज सकाळी चौकात चोथा कुणाचा ओततो? पिशवी उपडी करतो, आजूबाजूला बघतो आणि सटकतो. मी मेली दातात ब्रश धरून खिडकीत असते, मला कशाला दिसणार, नाही का?"

वन्सं, बाजाराच्या चौकातला तो चोथा! गेले अडीच महिने मी तो रोज ओलांडत होते. बरोबर माझ्या बसच्या वाटेत. माझा त्या गोष्टींवर विश्वास नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मी भूगोल शिकवते. चोथा रस्त्यात टाकला, दहाजणांच्या पायांनी तुडवला गेला, की आजाऱ्याचं दुखणं त्या दहाजणांत वाटलं जातं, असं कुठल्याही नकाशात दाखवलेलं नाही. तरीसुद्धा अडीच महिने मी त्या चोथ्यावरून उडी मारून जात होते (गटाराच्या बाजूनं, कारण भाजीवाल्याच्या बाजूनं उडी मारली की तो मोठ्यानं आकडे मोजतो), आणि ज्यानं टाकला त्याला मनातल्या मनात शिव्या देत होते. कोण हा हलकट, ज्याला आपलं दुखणं माझ्या पायाला बांधायचंय? संशय घेऊन झाला तो सगळ्यांवर. मासेवालीवर घेतला, कारण ती खोकते. नव्या भाडेकरूवर घेतला, कारण तो खोकत नाही. आणि हलकट निघाला माझाच, घरचा.

दुसऱ्या दिवशी मी पिशवी आणि हातमोजे घेऊन चौकात गेले आणि वाकून चोथा भरायला लागले. हे कुणी करत नाही, वन्सं. चोथा टाकतात, तुडवतात, चुकवतात. उचलत कुणीच नाही. चौक थांबला. मासेवालीनं सुरी खाली ठेवली. एक म्हातारी आपल्या नातवंडाला मागे ओढत ओरडली, "अगं ए! टाकलेलं दुखणं घरी घेऊन चाललीस? घरात कमी आहे का?" भाजीवाल्यानं मला पालेभाजी फुकट दिली आणि म्हणाला, "बाई, सगळं ठीक होईल." बसमध्ये माझ्या पिशवीतून काळं पाणी ठिबकत होतं. माझ्या दोन्ही बाजूंच्या जागा शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी शाळेपर्यंत ऐसपैस बसून गेले.

संध्याकाळी गेले थाम काकांच्या दुकानात. थाम काका तेच, ज्यांच्या दुकानातली प्रत्येक साल तुम्ही हुंगून "रंगवलेली" म्हणून परत ठेवता. (ते तुम्हाला 'नाकवाली बाई' म्हणतात. हे मी सांगितलं असं सांगू नका.) त्यांनी चोथा पांढऱ्या कागदावर पसरला, चष्मा कपाळावर चढवला आणि जेवायच्या काड्यांनी एकेक तुकडा बाजूला काढायला लागले, जशी आई माशातले काटे काढते. मी अवयव मोजत उभी. हृदय असेल, यकृत असेल, मामंजींचं होतं तेच असेल. मनातल्या मनात मी तुमच्या भावाला तीन वेळा माफ केलं होतं, बादलीसकट.

काकांनी चष्मा परत डोळ्यांवर ओढला. मग म्हणाले, "नवऱ्याचा आहे म्हणालीस?"

"हो."

"तुझा नवरा बाई आहे का?"

"काका!"

"अगं, मग हे त्याचं नाही. ही औषधं बाईची. आणि तुझ्या वयाची नव्हे, पन्नाशी ओलांडलेली बाई." पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती खाली लिहिते. त्या क्षणी मला ती ऐकूच आली नाही. मला फक्त 'बाई' ऐकू आलं.

सगळं एका क्षणात जुळलं. थर्मास, बादली, पहाट, लाल कान. माणूस आजारी नव्हता, माणूस नटत होता! आणि खरं सांगू? पहिल्यांदा हायसं वाटलं. काउंटरला धरून उभी राहिले आणि चक्क हसले. हृदय नाही, यकृत नाही, नुसती बाई आहे! मग घरी जाताना पुलावर राग आला. आणि जिना चढताना अपमान वाटला. पन्नाशी ओलांडलेली? माझ्याहून मोठी? तरुण असती तर मला चार शब्द बोलता आले असते, चारजणींत रडता आलं असतं. आपल्याहून वयानं मोठ्या आणि वर आजारी बाईसाठी नवरा पहाटे उठून काढा उकळतो, हे मी कुणाला सांगू? माझ्यासाठी त्यानं कधी पाणी उकळलं नाही.

शनिवारी मी पाठलाग केला.

वन्सं, पुढं कधी पाठलाग करायची वेळ आली तर एक ध्यानात ठेवा. उलटं चालणाऱ्या माणसाचा पाठलाग करता येत नाही. त्याचं तोंड आपल्याकडे असतं. बाग लागेपर्यंत हे सरळ, झपाझप चालले, आणि मी मागे, लेउंग काकूंचा टोपी असलेला झगा घालून. बागेत शिरल्याबरोबर ओळखीचे कुणीतरी दिसले आणि हे गर्रकन फिरून उलटे चालू लागले. म्हणजे थेट माझ्याकडे बघत. मी जवळच्या झाडाला मिठी मारली. त्या झाडावर एक आजोबा पलीकडून पाठ आपटत होते. ते म्हणाले, "पोरी, हे झाड माझं आहे, सहापासून." ओळखीचे गृहस्थ पुढे गेले, हे सरळ झाले. मी निघाले. परत कुणी भेटलं, परत उलटे! या खेपेला झाड नव्हतं, समोर पंख्यांचा नाच करणाऱ्या बायका होत्या. मी रांगेत घुसले. दोन गाणी नाचले. तिसऱ्या गाण्याला त्यांच्या मुख्य बाईंनी माझ्या हातात पंखा दिला आणि म्हणाल्या, "उद्यापासून लाल सदरा घालून ये. कंबर ताठ आहे, पण हळूहळू सुटेल."

तेव्हा मला तुमच्या भावाचं कसब कळलं. हा माणूस बागेत चालायला येतच नव्हता. लोकांनी बघितलं की उलटा, लोक गेले की सरळ, आणि सरळ म्हणजे पुलाच्या दिशेनं. नाचातून सुटून मी पुलावर पोचले तेव्हा पलीकडच्या टोकाला ह्यांची टोपी डावीकडे वळताना दिसली. डावीकडे! तुमच्या गल्लीकडे! आणि मी पुलावर उभी राहून काय विचार केला असेन? की बघा, कसा पक्का आहे. पकडला गेला तर सांगता यावं, बहिणीकडे चाललो होतो. जगाचा भूगोल शिकवणाऱ्या बाईला पुलापलीकडची एक गल्ली वाचता आली नाही.

तर हे असं आहे. तुमच्या गल्लीत किंवा आसपास पन्नाशीपुढची एक आजारी बाई राहते, आणि तुमचा भाऊ रोज पहाटे तिच्यासाठी काढा उकळतो. तुम्हाला गल्लीतल्या प्रत्येकाच्या जिभेचा रंग पाठ आहे. ती कोण, हे तुम्ही शोधून काढावं, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच. हिवाळ्यातल्या सर्वांत मोठ्या रात्रीचा सण तीन आठवड्यांवर आला. पिठाचे गोळे गोड करायचे की खारे तेही कळवा. थंडी पडायला लागली आहे, कमरेला काहीतरी बांधत जा.

तुमची भावजय
वाय-हान

ता. क. वरचं सगळं खरं आहे, फक्त पूर्ण नाही. काल मी उरलेला चोथा टाकून द्यायला काढला, तेव्हा त्यात सालीचा तुकडा सापडला. थाम काकांनी तो बाजूला ठेवला होता, "ही साल माझ्याकडची नाही, पण वीस वर्षांच्या खालची नाही" असं म्हणून, आणि म्हणताना त्यांना जरा वाईटही वाटलं होतं (इतकी जुनी, मुरलेली साल त्यांच्याकडे नाही). सालीला देठापाशी एक गाठ होती. लाल सुताची, दोनदा मारलेली. शिनहुईत साली सगळेच वाळवतात, तीन पाकळ्या करून, उलटून. पण लाल सुतात ओवून, गाठ दोनदा मारून वाळवणारी बाई एकच आहे. दुकानातली साल रंगवलेली असते या संशयापायी ती वैद्यांच्या पुडीतली साल काढून टाकते आणि स्वतःची घालते. तुमच्या संशयी स्वभावाला माझा नमस्कार. तो नसता तर मी अजून दुसऱ्याच एखाद्या बाईला शोधत राहिले असते.

ता. क. २. ह्यांना काही बोलू नका. ह्यांनी आपणहून तोंडातून चकार शब्द काढलेला नाही. काल मी लाल सूत टेबलावर ठेवलं, तर कान लाल झाले आणि डोळेही. मग एवढंच म्हणाले, "ताईला वारा लागलाय, अशक्तपणा आहे. गल्लीत कळू नये म्हणून चोथा इकडे आणून टाक म्हणाली. तिनं सगळ्यांना औषधं सांगायची आणि तिच्याच दाराशी चोथा?" ह्यांना खरोखर अशक्तपणाच वाटतो. भावाला काय कळणार, आणि तुम्ही तरी त्याला काय सांगणार? पण थाम काकांनी मला जी दुसरी गोष्ट सांगितली ती ही: चोथ्यात जाळून कोळसा केलेली पानं आहेत. ती अंगावरून रक्त जाणं थांबवायला देतात. काका म्हणाले, "अडीच महिने पिऊनही चालूच असेल, तर तिनं माझ्या दुकानात येऊ नये, इस्पितळात जावं. हे मी, औषध विकणारा, सांगतोय." वन्सं, अडीच महिने! या वयात! आणि तुम्ही त्याच गच्चीवर सुपं उचलताय. तुम्हाला सख्खी बहीण नाही, लेक नाही, हे मला माहीत आहे. पण मी होते ना. पुलाच्या अलीकडे, रोज तुमच्या दुखण्यावरून उडी मारून शाळेत जात होते. लग्नात तुम्ही 'पुरुष' म्हणालात. या घरातल्या बायकांबद्दल मला कुणी सावध केलं नव्हतं.

आज सकाळी मी उडी मारली नाही. चोथ्यावर पाय देऊन गेले. मग काहीतरी विसरल्याचं सोंग करून परत आले आणि पुन्हा गेले. भाजीवाल्यानं मोजलं. माझा विश्वास नाही, हे परत सांगते.

ता. क. ३. हे पत्र सुपाच्या डब्याखाली, पिशवीच्या तळाशी ठेवून ह्यांच्याच हाती पाठवते आहे. पिशवीत पत्र आहे हे ह्यांना ठाऊक नाही, तेव्हा सूप आधी प्या, चेहरा मग पाडा. गुरुवारी मी शाळेतून रजा घेतली आहे. मोठ्या इस्पितळात बायकांच्या विभागात बाई डॉक्टरकडे तुमच्या नावानं वेळ ठरवली आहे. गल्लीत सांगा, भावजयीला दाखवायला नेतेय, तिची जीभ फार दिवस पांढरी आहे. एवढं खोटं तुम्हाला शोभेल. मी वाटेल तितक्या वेळा जीभ काढून दाखवीन, तुमच्या अख्ख्या गल्लीला दाखवीन. साली उचलायला लेउंग काकू येणार आहेत, आणि मांजरीचं त्या बघतील. आतल्या खोलीतून ह्यांची बादली हलवून तुमच्यासाठी पलंग लावला आहे. नवं काढ्याचं भांडंही आणलं आहे. डॉक्टरांनी चालेल म्हटलं तर काढा इथं उकळेल, माझ्या हातानं, आणि साल तुम्हीच घाला.

तुम्ही नाही म्हणणार. पहिल्यांदा म्हणाल मोसम आहे, मग म्हणाल सण होऊ दे, मग म्हणाल थाम्याला काय कळतं. भीती वाटते असं काही म्हणणार नाही, म्हणून ते मीच लिहिते: मला वाटते. गुरुवारी सकाळी आठ वाजता मी पुलाच्या तुमच्या बाजूला उभी असेन, तोंड तुमच्या गल्लीकडे करून. नाहीच म्हणायचं असेल तर तिथवर चालत येऊन म्हणा, आणि सपाट चपला घालून या.